कागलच्या नाक्यापासून बेनापोलच्या गेटापर्यंत : ट्रकवाल्याला दिसलेला शेजारदेशांचा व्यापार

चौदाचाकी (शिरोली पुलाची)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलाय, पण तुकड्यात सांगण्यासारखा विषय नाही.

माझा भाचा शिवाजी विद्यापीठात शिकतो. त्याला 'दक्षिण आशियाचे आर्थिक एकीकरण' असा विषय लिहायला आलाय. परवा घरी आला तेव्हा सगळं घडाघडा सांगत होता. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्याला सार्क, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, स्थापन झाली, मुक्त व्यापाराच्या करारावर २००४ ला इस्लामाबादमध्ये सह्या झाल्या, २००६ पासून तो लागू झाला. पोराचं पाठांतर चोख. मी विचारलं, "ह्यात गाडी कुठं थांबते ते लिहिलंय का रे?" तो गप्प बसला. मग रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं.

मी १९९७ पासून गाडीवर आहे. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आता घरच्या दोन गाड्या आहेत आणि एक अजून मीच चालवतो. बंगालच्या पेट्रापोल सरहद्दीवर माल घेऊन गेलो त्याला आता दहा-बारा खेपा झाल्या असतील. पलीकडं बांगलादेशाचं बेनापोल. दोन देशांमधला रस्त्यानं होणारा सगळ्यात जास्त व्यापार ह्याच गेटातून होतो.

सप्टेंबर २०२० ची खेप सांगतो. पिंपळगाव बसवंतला कांदा भरला, २५ टन. धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत बंगालात शिरलो. बारासातपासून बोनगावपर्यंत जेसोर रोड लागतो. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर वर्षांची झाडं, वर फांद्यांची कमान, भर दुपारी रस्त्यावर सावली. आपल्याकडं असा रस्ता आता राहिला नाही. त्या झाडांखाली रांगेला लागलो आणि १४ सप्टेंबरला दिल्लीहून कांदा निर्यातबंदीचा हुकूम निघाला. त्याच दिवशी गेट बंद.

माझ्यापुढं किती गाड्या होत्या ते मोजायचं सोडून दिलं. पाऊस सुरू होता. ताडपत्री टाकावी तर कांद्याला वाफ धरते, काढावी तर कांदा भिजतो. दिवसा काढायची, ढग आला की टाकायची. चौथ्या दिवशी सकाळी मी मधल्या थरातल्या एका गोणीत हात घातला. आत ऊन लागत होतं, तापलेल्या माणसाच्या अंगाला हात लावावा तसं. सहाव्या दिवशी मागच्या फाळक्याच्या फटीतून तांबूस पाणी गळायला लागलं. त्या पाण्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. ज्यांच्या कागदांवर कस्टमची मंजुरी बंदीच्या आधी झाली होती अशा काही गाड्या नंतर सोडल्या. माझे कागद त्यात बसले नाहीत. शेवटी व्यापाऱ्यानं फोनवरून सांगितलं, कोलकात्याच्या बाजूला मिळेल त्या भावानं खाली कर. निम्म्याहून जास्त माल फेकून द्यावा लागला. भाडं मला ठरल्यापेक्षा कमी मिळालं आणि तेरा दिवसांच्या मुक्कामाचं काहीच मिळालं नाही. व्यापाऱ्याचं नाव घेणार नाही, तोही त्यात बुडाला.

शेतकऱ्याचं नुकसान पेपरात येतं आणि ते यायलाच पाहिजे. पण देशानं एक ओळीचा हुकूम काढला की तो पहिला येऊन आदळतो तो रस्त्यात असलेल्या गाडीवर. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा कांदाबंदी आली. ती मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क लावूनच. सप्टेंबर २०२४ ला ते २० टक्के झालं आणि एप्रिल २०२५ पासून गेलं. प्रत्येक बदलाच्या दिवशी कोण ना कोण माझ्यासारखा जेसोर रोडच्या झाडाखाली उभा असणार.

आता गेट उघडं असतानाची गोष्ट सांगतो. आपली गाडी सरहद्द ओलांडते, पण फक्त बेनापोलच्या बंदराच्या, म्हणजे सरहद्दीवरच्या माल-तळाच्या, आवारापर्यंत. ड्रायव्हरला एक कार पास मिळतो, त्यावर आत जायचं. आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिथं त्यांची गाडी येते. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करतात, फाळका फाळक्याला टेकतो आणि हमाल पोती इकडून तिकडं टाकतात. आपण दोन हजार किलोमीटरवरून आणलेला माल सहा फुटांवरच्या दुसऱ्या गाडीत जातो आणि आपण मोकळे परत येतो. समोरचा ड्रायव्हर जेसोरचा होता. मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "ढाक्यापर्यंत तूच गेला असतास तर माल आज रात्रीच पोचला असता." त्याचं पोट ह्या उतरवणीवरच आहे. तरी तो असं म्हणाला.

हे बघताना मला कागल आठवलं. कोगनोळी आली की कर्नाटक. २०१७ च्या आधी विक्रीकराच्या नाक्यावर रात्र-रात्र गेलेली आहे. शिरोलीच्या जकात नाक्यावर माझ्याच गावात मला पावती दाखवायला थांबायला लागायचं. २०१० च्या आधी नॅशनल परमिट असलं तरी राज्याराज्यांचा कर वेगवेगळा भरावा लागायचा. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके एका रात्रीत ओस पडले. आरटीओचे सगळीकडचे गेले नाहीत, तरी चेन्नईच्या खेपेत माझा जवळजवळ एक दिवस वाचायला लागला. म्हणजे आपण एका देशाच्या आतसुद्धा स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी एकत्र बाजार झालो. मग शेजारदेशांच्या बाबतीत 'करार झाला' एवढ्यावर मी समाधान का मानू?

१५ जून २०१५ ला थिंफूला भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान ह्यांनी वाहनांच्या ये-जा करण्याचा करार केला. एका देशाची गाडी दुसऱ्या देशात माल घेऊन थेट जाईल असा. त्याच वर्षी नोव्हेंबरात चाचणी म्हणून एक मालाची गाडी कोलकात्याहून ढाक्यावरून आगरतळ्याला नेली. सिलिगुडीवरून वळसा घालून जे सुमारे १,५५० किलोमीटर होतात ते साडेसहाशेच्या आसपास आले. पुढं भूताननं मान्यता दिली नाही, बाकीच्या तिघांनी पुढं जायचं ठरवलं, आणि मी अजून बेनापोलच्या आवारात फाळका टेकवूनच उभा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन देशांचा व्यापार किती जवळ आला हे शुल्काच्या टक्क्यावरून कमी आणि गाडी किती तास उभी राहिली ह्यावरून जास्त कळतं. त्या उभं राहण्याची किंमत ज्याच्या हातात काहीच नाही तो भरतो. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. चुकत असेन तर सांगा.

---

कागलवेस

मामा, एकेक शब्द खरा आहे. आमचं चहाचं दुकान हायवेला होतं. नाक्याची रांग लांबली की आमचा धंदा व्हायचा, हे कबूल करतो. पण रात्री दोनला ड्रायव्हर येऊन "अजून किती लागंल?" म्हणून विचारायचे त्यांचे चेहरे बघवत नव्हते. कुणाच्या पोरीचं लग्न असायचं, कुणाचा बाप दवाखान्यात असायचा.

नाके गेले तरी सरहद्द जात नाही, तेवढं मात्र मी बघितलंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं हायवे अडवला तेव्हा इकडून तिकडून हजारो गाड्या उभ्या होत्या. आसपासच्या गावांनी भाकऱ्या करून दिल्या, नंबरप्लेट एमएच आहे का केए ते कुणी बघितलं नाही. आणि डिसेंबर २०२२ ला सीमावाद पेटला तेव्हा बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. रस्ता तोच, माणसंही तीच.

---

धोटा_इचलकरंजी

चौदाचाकी अण्णा, तुमच्या कांद्याचं वाचून वाईट वाटलं. पण मला दुसरी बाजू मांडू द्या, कारण आमच्या घरात चोवीस माग आहेत आणि त्यातले दहा बंद आहेत.

सरहद्द मोकळी करा असं म्हणताना काय मोकळं होतं ते बघा. भारतानं २०११ मध्ये सार्कमधल्या सगळ्यात गरीब देशांना, म्हणजे बांगलादेशालाही, दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बाकी सगळ्यावर शुल्क माफ केलं. त्यांचे तयार कपडे आपल्या बाजारात बिनशुल्क येतात. त्यात कापड चीनचं असलं तरी शिलाई त्यांची, म्हणून माल त्यांचा. आमचं कापड मग कोण घेणार? साध्या मागावर कापड विणणारा आणि हजारो मशिनींची गार्मेंट फॅक्टरी ह्यांची कुस्ती लावताय तुम्ही. खासबागेत अशी जोड लावली तर लोक उठून जातील.

आणि त्यांनी तरी काय केलं? एप्रिल २०२५ मध्ये भारतातलं सूत रस्त्याच्या सरहद्दीवरून घेणं बंद केलं, फक्त समुद्रमार्गे या म्हणाले. त्यांच्या सूतगिरण्यांनीच ती मागणी केली होती. मग मे महिन्यात भारतानं त्यांचे तयार कपडे रस्त्यावरून बंद केले, न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातूनच आणा म्हणाला. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले असं नाही, पण श्वास घेतला. तुमच्या गाडीचा वेळ वाचावा हे मला मान्य आहे. पण गाडीत काय आहे ह्याचाही विचार व्हावा.

---

चौदाचाकी

धोटा, तुमचं दुखणं मी नाकारत नाही. माझ्या मेव्हण्याचेही माग होते, वडगावला. विकले.

पण एक बघा. एप्रिलमध्ये सूत बंद झालं तेव्हा नुकसान कुणाचं झालं? आपल्याकडच्या सूतगिरण्यांचं आणि ते सूत नेणाऱ्यांचं. मेमध्ये कपडे बंद झाले तेव्हा? तिकडच्या शिलाई कामगाराचं आणि रांगेत असलेल्या त्यांच्या गाड्यांचं. शुल्क लावायचं तर लावा, कोटा ठरवा, तुमच्या मागाला संरक्षण द्या, त्याला माझी ना नाही. सरकारानं ते करायलाच पाहिजे. पण ते आधी सांगून करा. 'अमुक तारखेपासून' म्हणा आणि त्या तारखेच्या आधी बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) फाटलेला, रस्त्याला लागलेला माल जाऊ द्या. धान्य दळायला टाकल्यावर गिरणी बंद करत नाहीत, आधी तेवढं दळून देतात. मला मोकळी सरहद्द नको आहे, मला भरवशाची सरहद्द पाहिजे.

---

शाहूपुरी_पेढी

चर्चा चांगली चालली आहे. आमची गुळाची पेढी, चौथी पिढी. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. गाव वसवलं म्हणजे नुसती जागा आखून दिली असं नाही, बाहेरचे व्यापारी इथं यावेत म्हणून त्यांना सवलती दिल्या. संस्थानांच्या काळात प्रत्येक हद्दीवर वेगळा कर असताना त्यांना हे सुचलं होतं.

काही आकडे देतो, भाच्याला उपयोगी पडतील. जागतिक बँकेच्या अभ्यासाप्रमाणे दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. पूर्व आशियात तो ५० टक्क्यांच्या घरात, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतही २२ टक्के. पेट्रापोल-बेनापोलबद्दल त्याच बँकेनं २०२१ ला जे मोजलं ते चौदाचाकींच्या म्हणण्याला धरूनच आहे. सरहद्द ओलांडायला १३८ तास लागायचे, त्यातले २८ तास एका गाडीतून दुसरीत माल टाकण्यात जायचे. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सरहद्दींवर ६ तासांपेक्षा कमी लागायचे.

आफ्रिकेत हे कसं झालं ते थोडं वाचलंय. झांबिया आणि झिम्बाब्वेच्या मधे चिरुंडू म्हणून ठिकाण आहे, तिथं २००९ मध्ये पहिलं एकथांबी नाकं सुरू झालं. पूर्वी ह्या देशाचा नाका, मग पूल, मग त्या देशाचा नाका असं दोनदा थांबायला लागायचं. आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात, गाडी एकदाच थांबते. नंतर केनिया आणि युगांडाच्या मधे मलाबा, बुसियालाही तसंच केलं. खंडाच्या मुक्त व्यापाराचा मोठा करार २०१८ ला किगालीत झाला आणि २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला, पण त्याच्या कितीतरी आधी नाक्यावरची टेबलं जवळ आणली गेली होती. मला तर हाच क्रम बरोबर वाटतो.

---

राइनकाठचा

नमस्कार. मी मूळ राजारामपुरीचा, सात वर्षांपासून जर्मनीत मालवाहतुकीच्या कंपनीत नियोजनाचं काम करतो. रोज ह्याच गाड्यांशी संबंध येतो म्हणून राहवलं नाही.

चौदाचाकी काका, तुम्ही ज्याला उभं राहणं म्हणताय त्यावरूनच इथली सरहद्द उघडली. फेब्रुवारी १९८४ मध्ये आल्प्सच्या घाटात इटली आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर कस्टमचं काम रेंगाळलं होतं. ऐन थंडीत ट्रकवाले दिवसेंदिवस बर्फात अडकले. वैतागून फ्रान्सच्या ट्रकवाल्यांनी देशभर रस्ते अडवले. सरकार हादरलं. त्याच वर्षी जुलैत फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोल ह्यांनी सारब्रुकनचा करार करून आपसातल्या सरहद्दीवरची तपासणी टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलं. पुढच्या वर्षी, १४ जून १९८५ ला, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. १ जानेवारी १९९३ पासून आतल्या सरहद्दीवरचं कस्टम संपलं. आज आमची गाडी पोलंडहून स्पेनला जाते, सील न तोडता, फाळका न उघडता.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. सरहद्द उघडली तशी भाडी पडली. इथल्या हायवेवर कितीतरी ड्रायव्हर पूर्वेकडचे असतात, लिथुआनिया-पोलंडच्या कंपन्यांचे, आणि त्या कंपन्या आणखी पूर्वेची माणसं आणतात. २०२३ मध्ये फ्रँकफर्टजवळ ग्रेफनहाउसनच्या थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मी रविवारी तिथं जेवण घेऊन गेलो होतो. दोन गाड्यांच्या मधे दोरी बांधून कपडे वाळत घातले होते, एका केबिनच्या काचेला मुलीचा फोटो चिकटवलेला. मला क्षणभर आपल्या कोल्हापूरच्या हायवेवर तावडे हॉटेलजवळ उभा असल्यासारखं वाटलं.

म्हणून इथं २०२० मध्ये नियम कडक झाले. परदेशी गाडीला दुसऱ्या देशाच्या आत सात दिवसांत तीनच भाडी मारता येतात ही अट आधीपासून होती, तिला जोडून मग चार दिवस त्या देशात भाडं घ्यायचं नाही असं आलं. ड्रायव्हरला आठवड्याची मोठी विश्रांती केबिनमध्ये काढायला लावायची नाही. ठरावीक आठवड्यांत त्याला घरी जाता येईल असं नियोजन करायचं. हा कडकपणा सरहद्द उघडून पंचवीस वर्षं गेल्यावर आला. आपल्याकडं उद्या ढाक्यापर्यंत गाडी सोडली तर हे नियम पहिल्याच दिवशी पाहिजेत.

---

मिरजेचा_मध्यम

सगळं ठीक आहे, पण शेजारी कोण आहेत ते बघा की. फ्रान्स-जर्मनीची गोष्ट इथं लागू करू नका. २०१९ ला पुलवामानंतर आपण पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापार तोडला, एप्रिल २०२५ ला पहलगामनंतर अटारीचं नाकं बंद झालं. ते योग्यच झालं. सीलबंद गाडीत काय येईल ह्याची हमी कोण देणार?

---

चौदाचाकी

मिरजकर, अटारीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तिथं जवान उभे आहेत, तिथला निर्णय त्यांच्या जिवावर आहे.

पण सगळे शेजारी एका मापानं मोजू नका. मी बिहारच्या रक्सौलवरून नेपाळात गेलोय. तिथं भन्सार भरायचं, म्हणजे त्यांचं कस्टम, गाडीचा दिवसाप्रमाणे कर भरायचा आणि आपली गाडी, आपलाच ड्रायव्हर थेट काठमांडूपर्यंत. घाटात एकदा ब्रेक गरम झाले तर तिथल्या मिस्त्रीनं चार तास खपून काम केलं आणि आपल्याच नोटा घेतल्या. ते सुरळीत चालतं म्हणजे आपल्याला जमतं. तिथंही २०१५ च्या सप्टेंबरपासून पाच महिने रक्सौल अडलं होतं, तेव्हा नेपाळात गॅस-डिझेल मिळेना, दवाखान्यात औषधं मिळेनात. म्हणजे चालू रस्ता बंद पडला की तिकडच्या घरातली चूल बंद पडते.

आणि सीलचं म्हणाल तर त्याची सोय जगात झालेली आहे. टीआयआर म्हणून पद्धत आहे, १९७५ चा आंतरराष्ट्रीय करार. निघताना सील लागतं, एक परवानापुस्तक बरोबर असतं, वाटेतले देश फक्त सील आणि कागद बघतात, गडबड झाली तर हमी देणारी संस्था शुल्क भरते. भारत त्यात २०१७ ला आलाय. म्हणजे दार बसवलंय, कडी लावून ठेवलीय.

---

बिल्टीबुक

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते, मार्केट यार्डाजवळ. अकरा वर्षं झाली. इथं बहुतेक सगळे गाडीबद्दल बोलतायत, मी कागदाबद्दल बोलते.

दादा, ई-वे बिलाची (मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. कोल्हापूर ते पेट्रापोल म्हणजे जवळपास अकरा दिवस मिळतात. गाडी पाच-सहा दिवसांत पोचते आणि मग रांगेत मुदत संपायला येते. संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत वाढवून घ्यायला लागते, नाहीतर वाटेत कुणी तपासलं की दंड. किती वेळा रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन आलाय आणि मी घरून, पोराला झोपवता झोपवता, मुदत वाढवलीय. प्रत्येक वेळी कारण लिहायला लागतं. यादीतून 'ट्रान्सशिपमेंट' (माल दुसऱ्या गाडीत टाकणं) निवडायचं, वाट बघतोय असं तिथं कारणच नसतं.

उभ्या गाडीचा खर्च सांगते, आमच्याच एका गाडीचा. बँकेचा हप्ता दिवसाला २,१०० रुपये पडतो. ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता ८००. पार्किंग वेगळं. विमा, परमिट, रोड टॅक्स दिवसावर वाटले तर आणखी चारशे-पाचशे. म्हणजे चाक न फिरवता रोज साडेतीन हजारांच्या आसपास जातात. दहा दिवस उभी राहिली तर त्या खेपेत मालकाला काही उरत नाही, आणि मालक मग तो खड्डा ड्रायव्हरच्या भत्त्यातून भरायला बघतो. मी ते आकडे स्वतः लिहिलेत, म्हणून सांगते.

तुम्हाला एक विचारायचं होतं. तेरा दिवसांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मिळालं नाही म्हणालात. बिल्टीवर हॉल्टिंगची अट लिहून घेतली होती का? माझ्याकडं येणाऱ्या शंभरातल्या नव्वद बिल्ट्यांवर तो रकाना कोरा असतो. तोंडी ठरलेलं असतं. सरहद्दीवरचं भांडण दिल्ली-ढाक्याचं असेल, पण हा रकाना भरणं आपल्या हातात आहे.

---

भाचा_बीए३

मामानं मला ह्या धाग्यावर आणलं. सगळ्यांचे आभार, माझा अर्धा निबंध इथंच झाला.

मी अमेरिकेचं वाचत होतो, ते इथं मांडतो. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा, मेक्सिको ह्यांचा नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. त्यात ट्रकचं स्पष्ट लिहिलेलं होतं. १९९५ च्या शेवटापासून मेक्सिकोच्या गाड्यांना सरहद्दीवरच्या राज्यांत आणि २००० पासून सगळ्या अमेरिकेत माल नेता येणार होता. तारीख आली आणि अमेरिकेनं ते थांबवलं. सुरक्षितता हे कारण दिलं, तिथल्या ड्रायव्हरांच्या संघटनेचा विरोध होता. २००१ मध्ये लवादानं निकाल अमेरिकेच्या विरुद्ध दिला. तरी २००७ पर्यंत काही नाही. मग प्रायोगिक परवानगी दिली, २००९ ला काढून घेतली, तेव्हा मेक्सिकोनं अमेरिकेच्या मालावर शुल्क लावून उत्तर दिलं. २०११ ला पुन्हा तडजोड. मधल्या काळात काय चाललं होतं? मेक्सिकोची लांबची गाडी सरहद्दीवरच्या नुएव्हो लारेडोला थांबायची, दुसरी छोटी गाडी ट्रेलर ओढून पुलापलीकडं अमेरिकेतल्या लारेडोला न्यायची, तिथून तिसरी, अमेरिकेची गाडी पुढं न्यायची. मामा, हे तुमच्या बेनापोलसारखंच आहे.

एका गोष्टीवर अडलोय. अमेरिकेतल्या ड्रायव्हरांना भीती होती की स्वस्तातला ड्रायव्हर येऊन भाडं पाडेल. राइनकाठच्या दादांनी सांगितलं की युरोपात तसं झालंसुद्धा. मग उद्या बांगलादेशाची गाडी कोल्हापुरात गूळ भरायला आली तर तुम्ही, मामा, काय म्हणाल?

---

चौदाचाकी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, गाडीचा क्लच गेला होता.

भाच्या, प्रश्न लई अवघड टाकलास. रात्री गॅरेजमध्ये बसून ह्याचाच विचार केला. खरं सांगतो, पहिली गाडी मार्केट यार्डात उभी दिसली तर माझ्या पोटात गोळा येईल. आपली भाडी आधीच पडलीत. पण तो जेसोरचा ड्रायव्हर समोर आला तर त्याला मी "परत जा" म्हणू शकणार नाही. तो त्याच्या देशातला माल आणेल, इथला माल त्याच्या देशात नेईल, हे मला चालेल. मी त्याच्याकडं तसाच जाईन. कोल्हापूर ते पुणे भाडं मात्र त्यानं मारायचं नाही आणि ढाका ते चितगाव मी मारायचं नाही. राइनकाठच्या पाहुण्यांनी सांगितलेल्या नियमाच्याच जातीचा हा नियम आहे, थोडा जास्त कडक, आणि तो सुरुवातीलाच घातला पाहिजे.

धोटा, तुमच्यासाठी एक निरोप आहे. इथलेच एक वाचक सूतगिरणीत आहेत, त्यांनी मला वेगळा मेसेज केला. त्यांचं सूत आता न्हावा शेव्यावरून बोटीनं जातं. आधी रस्त्यानं आठ-दहा दिवसांत पोचायचं, आता त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. ते म्हणाले, धोटावाल्यांना सांगा, आमची गिरणी बंद पडली तर तुम्हालाही सूत लांबून आणायला लागेल.

आणि बिल्टीबुक ताई. नाही, लिहून घेतली नव्हती. त्या खेपेपर्यंत तेवीस वर्षं गाडीवर होतो आणि एकदाही लिहून घेतली नव्हती. शब्दावर चालायचं. तुमचं वाचल्यावर त्या रात्री जुन्या बिल्ट्यांचा गठ्ठा काढला, बायकोला बरोबर घेऊन एकेक बघितली. रकाना छापलेला आहे, सगळ्यांवर कोरा.

आज सकाळी पेट्रापोलचंच भाडं ठरलं. सुटे भाग आहेत, शिरोली एमआयडीसीतून भरायचे, नासणारे नाहीत. एजंटाला म्हणालो, हॉल्टिंग लिहा. तो म्हणाला, असं कोण लिहितं? मी म्हणालो, मी. अर्धा तास घासाघीस झाली. पार्टीला फोन लावला, ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली पाच दिवस फुकट उभं राहा. शेवटी लिहिलं : 'पोचल्यापासून तीन दिवस सोडून पुढं रोज २,००० रुपये, सरकारी हुकुमानं गेट बंद झालं तरी लागू.' ते शेवटचे शब्द मी सांगून घालून घेतले. साडेतीन हजार नाहीत ताई, पण रकाना भरला.

संध्याकाळी सहाला भरती आहे. ताडपत्री नवी घेतलीय. दोर बांधायला भाचा येतो म्हणालाय.